केनोशाचा खटला : कायद्याचे सेकंद, लोकांची रात्र



विषयाला हात घालण्यापूर्वी एक गैरसमज दूर करतो. अमेरिकेतल्या केनोशा गावी 2020 मध्ये आंदोलनाच्या रात्री ज्या तिघांना गोळ्या लागल्या ते तिघेही गोरे होते, आणि गोळ्या झाडणाराही गोराच होता. हे मुद्दाम सांगावं लागतं. रोज दोन-तीन वर्तमानपत्रं वाचणारी माणसंसुद्धा ‘त्या गोऱ्या पोराने काळ्या आंदोलकांना मारलं आणि तो सुटला’ असं ठामपणे बोलताना मी ऐकली आहेत. तो शेजारच्या राज्यातून बंदूक घेऊन आला, असंही बोललं जातं. पोरगा शेजारच्या इलिनॉयमधून आला हे खरं, पण बंदूक केनोशातच एका मित्राच्या घरच्यांकडे ठेवलेली होती. दुसऱ्या बाजूचे समज काही कमी नाहीत. तो प्रशिक्षित वैद्यकीय मदतनीस होता म्हणे. नव्हता. त्या रात्री त्याने लोकांना तसं सांगितलं, एवढंच. मेलेल्यांचे जुने गुन्हे शोधून काढून ‘बघा, कसली माणसं होती’ असंही झालं. जणू सतरा वर्षांच्या पोराने चाप ओढण्याआधी त्यांची पोलीसदप्तरातली फाइल वाचली होती.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते फौजदारी वकील होते, म्हणून मी आज खटल्यावर बोलायचं ठरवलं. खटला परका आहे, पण त्यात जो प्रश्न आहे तो आपल्याही दंडविधानात दीडशेहून अधिक वर्षं बसलेला आहे: जीव वाचवायला दुसऱ्याचा जीव घेतला असं आरोपी म्हणतो, तेव्हा किती मागे जाऊन बघायचं?

घटनाक्रम थोडक्यात सांगतो. केनोशा हे विस्कॉन्सिन राज्यातलं, मिशिगन सरोवराच्या काठचं, शिकागो आणि मिलवॉकी यांच्या मधलं लाखभर वस्तीचं गाव. 23 ऑगस्ट 2020 रोजी तिथे एका पोलिसाने जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय माणसावर पाठीमागून सात गोळ्या झाडल्या. ब्लेक वाचला, पण कमरेखाली लुळा पडला. पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूला तीन महिनेच झाले होते. गाव पेटलं, गाड्या जळाल्या, दुकानं जळाली. जळालेल्या गाड्यांमध्ये वापरलेल्या मोटारी विकणाऱ्या एका भारतीय वंशाच्या कुटुंबाच्या गाड्याही होत्या. ‘आमच्या मालाचं रक्षण करायला या असं आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं,’ अशी साक्ष या कुटुंबातल्या भावांनी नंतर कोर्टात दिली. सांगितलं होतं, असं म्हणणारे साक्षीदारही आले.

25 तारखेच्या रात्री संचारबंदी असताना शस्त्रधारी नागरिक ‘रक्षणाला’ म्हणून रस्त्यावर उतरले. त्यात सतरा वर्षांचा काइल रिटनहाउस होता, गळ्यात एआर-15 जातीची रायफल. मध्यरात्रीच्या थोडं आधी जोसेफ रोझेनबॉम नावाचा निःशस्त्र माणूस त्याच्या मागे धावला. त्याने हातातली प्लास्टिकची पिशवी फेकली. जवळच तिसऱ्याच कुणीतरी पिस्तुलातून हवेत गोळी झाडली. रिटनहाउस वळला आणि त्याने सेकंदाच्या आत चार गोळ्या झाडल्या. रोझेनबॉम गेला. पोरगा पळू लागला. ‘त्याने माणूस मारलाय, धरा त्याला’ असं ओरडत जमाव मागे लागला. तो रस्त्यावर पडला. एकाने उडी मारून लाथ घातली, त्याच्यावर दोन गोळ्या सुटल्या आणि दोन्ही हुकल्या. अँथनी ह्यूबरने हातातल्या स्केटबोर्डाने त्याला मारलं आणि रायफलीला हात घातला. एक गोळी छातीत, ह्यूबर गेला. तिसरा माणूस हातात पिस्तूल घेऊन पुढे आला. त्याच्या दंडाचा मोठा भाग गोळीने उडाला, पण तो वाचला. नंतर पोरगा हात वर करून पोलिसांच्या गाड्यांकडे चालत गेला आणि गाड्या त्याला ओलांडून पुढे निघून गेल्या. तो घरी गेला, आणि त्याच रात्री त्याच्या गावच्या पोलिसांत हजर झाला.

यातलं जवळजवळ सगळं कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये चित्रित झालेलं आहे. एरवी खुनाच्या खटल्यात काय घडलं हाच वाद असतो. इथे काय घडलं ते सगळ्या जगाने पाहिलं होतं आणि तरीही अर्ध्या देशाला खुनी दिसला, अर्ध्याला स्वतःचा जीव वाचवणारा मुलगा. पुरावा वाढला की मतभेद कमी होतात असं आपण धरून चालतो. केनोशाने ते खोटं ठरवलं.

याचं कारण माझ्या मते एवढंच, की लोक रात्र बघत होते आणि कायदा सेकंद बघत होता.

विस्कॉन्सिनचा कायदा असा आहे. आपला जीव तत्काळ धोक्यात आहे किंवा गंभीर इजा होणार आहे असं वाजवीपणे वाटलं, तर माणूस प्राणघातक बळ वापरू शकतो. आधी पळून जायला हवं होतं असं बंधन नाही, मात्र पळता आलं असतं का याचा विचार ज्युरी करू शकते. आणि मुख्य गोष्ट अशी की आरोपीने स्वसंरक्षणाचा मुद्दा उभा करण्याइतका पुरावा आणला, की ते स्वसंरक्षण नव्हतं हे वाजवी शंकेपलीकडे शाबित करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर येते. म्हणजे ज्युरीतल्या बाराजणांना ‘हा पोरगा बरोबर होता का’ असं कुणी विचारलंच नव्हतं. त्यांना विचारलं होतं: त्या क्षणी त्याला खरोखर आणि वाजवीपणे भीती वाटली असणं अशक्य आहे, अशी तुमची खात्री आहे का? वाजवी शंका उरली तरी उत्तर ‘निर्दोष’.

रात्रीला आत घेणारा दरवाजा त्या कायद्यात आहे, तो चिथावणीचा. ज्याने बेकायदेशीर वागण्याने समोरच्याला हल्ला करायला भाग पाडलं, त्याचा हक्क आकसतो. सुटकेचे सगळे मार्ग संपले असतील तरच तो परत मिळतो. सरकारी वकील थॉमस बिंगर यांनी शेवटी सगळा भर इथे दिला: धोका तूच निर्माण केलास, मग त्याच धोक्यापासून स्वतःचा बचाव केला म्हणू नकोस. ऐकायला बिनतोड वाटतं. पण अट ‘बेकायदेशीर’ वागण्याची आहे, आणि विस्कॉन्सिनमध्ये रायफल उघडपणे गळ्यात घालून फिरणं बेकायदेशीर नाही. तो अठरा वर्षांचा नव्हता, म्हणून शस्त्र बाळगल्याचा एक वेगळा आरोप होता. न्यायाधीश ब्रूस श्रोडर यांनी तो 15 नोव्हेंबर 2021 रोजी, युक्तिवाद संपवायच्या दिवशी काढून टाकला. कारण? त्या कलमाची भाषा इतकी गुंतागुंतीची, की नळी सोळा इंचांपेक्षा आखूड असेल तरच ते सतरा वर्षांच्या मुलाला लागू पडतं, असा अर्थ निघत होता. याची रायफल आखूड नव्हती. संचारबंदी मोडल्याचा आरोप आधीच पुराव्याअभावी गेला होता. अशा रीतीने रात्र एकेक करून कोर्टाबाहेर गेली.

मग चिथावणीसाठी सरकार पक्षाकडे उरलं काय? एक अस्पष्ट चित्र. ड्रोनने वरून टिपलेल्या फितीत, पाठलाग सुरू होण्याआधी, रिटनहाउसने रायफल उचलून कुणावर तरी रोखली असं बिंगर यांना दाखवायचं होतं. रोखली असेल तर ती बेकायदेशीर चिथावणी, म्हणजे सगळा खटला फिरला असता. रात्रीच्या अंधारात दुरून घेतलेल्या त्या चित्रात माणूस म्हणजे काही ठिपके. ते मोठं करून दाखवायचं म्हटल्यावर बचाव पक्षाचे मार्क रिचर्ड्स उभे राहिले. म्हणाले, आयपॅडवर दोन बोटांनी चित्र मोठं केलं की आतली कृत्रिम बुद्धिमत्ता नसलेले ठिपके भरते, म्हणजे तो पुरावा न राहता यंत्राचा अंदाज होतो. तांत्रिकदृष्ट्या हा मुद्दा त्यांनी भलताच ताणला होता. पण न्यायाधीशांनी सरकार पक्षाला सांगितलं, तसं होत नाही हे सांगणारा तज्ज्ञ आणा, आणि त्यासाठी थोडी मिनिटं दिली. तज्ज्ञ मिळाला नाही. शेवटी फीत मोठ्या पडद्यावर, बोटं न लावता दाखवली गेली. एका तरुणाची जन्मठेप आणि दोन माणसांच्या मृत्यूचा हिशेब काही ठिपक्यांत रायफल वर आहे की खाली यावर येऊन थांबला होता. आणि तो ठिपका इतका महत्त्वाचा का झाला? रायफल गळ्यात घालून तिथे असणं हे कायद्याच्या लेखी काहीच नव्हतं म्हणून.

जन्मठेप म्हणालो ती अशासाठी, की विस्कॉन्सिनमध्ये फाशी नाही. 1851 साली याच केनोशात जॉन मॅककॅफरी नावाच्या माणसाला हजारो लोकांदेखत फाशी दिलं. तो वीसेक मिनिटं तडफडत राहिला, आणि दोन वर्षांत राज्याने फाशीच रद्द केली. जमावाने एक मरण पाहिलं आणि कायदा बदलला, असं या गावात एकदा झालेलं आहे.

न्यायाधीशांवरही भरपूर टीका झाली. मेलेल्यांना आणि जखमी झालेल्याला ‘बळी’ म्हणू नका, मात्र पुरावा असेल तर समारोपात ‘दंगलखोर’ किंवा ‘जाळपोळ करणारे’ म्हणायला हरकत नाही, असा त्यांचा आदेश होता. पहिला भाग मला मान्य आहे. ‘बळी’ म्हटलं की गुन्हा घडला हे आधीच मान्य केल्यासारखं होतं, आणि खटला तर त्यासाठीच चालू असतो. या न्यायाधीशांचा तो जुना नियमही होता. पण मग दुसऱ्या भागालाही तोच न्याय लागू करायला हवा होता. मेलेल्या माणसावर तर खटलाही चालवता येत नाही.

सरकार पक्षाचा सगळ्यात वाईट दिवस 8 नोव्हेंबरचा. दंडाला गोळी लागलेला माणूस साक्षीला आला. उलटतपासणीत त्याने मान्य केलं की तो हात वर करून उभा होता तोवर रिटनहाउसने गोळी झाडली नाही. तो पिस्तूल रोखून पुढे सरकला तेव्हाच झाडली. सरकारी वकिलांपैकी एकाने त्या वेळी कपाळाला हात लावल्याचं छायाचित्र जगभर फिरलं. लोकांनी ते हसण्यावारी नेलं. मी या साक्षीवर जास्त वेळ घालवणार आहे, कारण सगळा विषय तिच्यात आहे.

त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्ही आंदोलनात आहात. गोळ्यांचे आवाज आले. एक मुलगा रायफल घेऊन पळतोय आणि लोक ओरडताहेत की याने माणूस मारलाय. त्यात तुमच्या समोर त्याने आणखी एकाच्या छातीत गोळी घातली. तुमच्याकडे पिस्तूल आहे. तुम्हाला काय वाटेल? हा माणसं मारत सुटलेला आहे, याला थांबवलं पाहिजे. हे वाटणं वाजवी आहे का? मला तरी पूर्ण वाजवी वाटतं. आता समजा त्याने आधी चाप ओढला असता आणि रिटनहाउस मेला असता. खटला त्याच्यावर झाला असता, त्यानेही स्वसंरक्षण आणि परसंरक्षण हाच बचाव घेतला असता, आणि तोही बहुधा सुटला असता. ह्यूबर जिवंत राहून त्याच्या फटक्याने तो पोरगा गेला असता, तर ह्यूबरही. एकाच प्रसंगात समोरासमोरची दोन माणसं एकमेकांना मारायला एकाच वेळी कायद्याने मोकळी! स्वसंरक्षणाचा जुना विचार एक हल्लेखोर आणि एक हल्ला झालेला, असं धरून चालतो. दोघांच्याही हातात बंदूक दिली आणि दोघांनाही एकमेकांची भीती वाटू दिली, की तो विचार कोलमडतो. मग जो वाचला त्याची हकिकत कोर्टात पोचते.

हे कल्पनेत नाही, त्याच उन्हाळ्यात प्रत्यक्ष घडलं होतं, फक्त बाजू उलट करून. 25 जुलै 2020, टेक्सासमधलं ऑस्टिन. आंदोलकांच्या मोर्चात गॅरेट फॉस्टर हा पूर्वी हवाई दलात असलेला तरुण एके-47 जातीची रायफल उघडपणे घेऊन चालत होता. टेक्सासमध्ये तेही कायदेशीर. डॅनियल पेरी या लष्करी सार्जंटने गाडी मोर्चात वळवली, फॉस्टर गाडीपाशी आला आणि पेरीने गाडीतूनच गोळ्या झाडून त्याला मारलं. बचाव तोच: मला भीती वाटली, त्याच्या हातात रायफल होती. इथे ज्युरीने पेरीला खुनाबद्दल दोषी ठरवलं आणि 2023 च्या मे महिन्यात पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. दोषी ठरवल्याच्या दुसऱ्याच दिवशी गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी माफी द्यायची तयारी जाहीर केली होती आणि 2024 च्या मे महिन्यात ती दिलीही. आता रिटनहाउसच्या ज्या समर्थकांनी ‘रायफल नुसती जवळ असणं ही चिथावणी नाही’ असं म्हटलं, त्यांच्यातल्या पुष्कळांनी ऑस्टिनमध्ये ‘रायफल जवळ होती म्हणजे धोका होताच’ असं म्हटलं. विरोधकांनी नेमकं उलटं. दोन्हीकडे तत्त्व एकच लावणारे मला मोजकेच भेटले.

केनोशाच्या निकालाच्याच सुमाराचा जॉर्जियाचा खटला मात्र वेगळा. अहमद आर्बरी हा कृष्णवर्णीय तरुण धावायला गेलेला, तिघा गोऱ्यांनी गाड्यांतून पाठलाग करून त्याला अडवलं आणि झटापटीत गोळी घातली. त्यांनीही स्वसंरक्षण सांगितलं. केनोशाच्या निकालानंतर पाच दिवसांनी, 24 नोव्हेंबर 2021 रोजी तिघेही दोषी ठरले. एका कृष्णवर्णीय ज्युरराव्यतिरिक्त सगळी ज्युरी गोरी होती. तिथे पाठलाग आणि अडवणूक हाच स्वतंत्र गुन्हा ठरला, म्हणून रात्र नव्हे तरी आधीची काही मिनिटं कायद्याच्या चौकटीत आली. त्यांचा आधार होता 1863 सालचा ‘नागरिकाने अटक करण्याचा’ कायदा. आर्बरी प्रकरणानंतर जॉर्जियाच्या विधिमंडळाने तो रद्द केला. हे मी मुद्दाम सांगतो. केनोशावर इतका गदारोळ झाला, पण रोष ज्युरीवर आणि न्यायाधीशावर गेला. ज्यांनी रायफलीचा कायदा लिहिला ते विधिमंडळातले लोक त्यातून सहीसलामत सुटले. माझं मत विचाराल तर निकाल त्या कायद्याप्रमाणे बरोबर होता आणि तो कायदा चुकीचा आहे. या दोन वाक्यांतलं दुसरं बोललं की एका बाजूचे लोक उठून जातात आणि पहिलं बोललं की दुसऱ्या बाजूचे.

आता आपल्याकडे येऊ. आपला खासगी बचावाचा हक्क भारतीय दंडविधानाच्या कलम 96 ते 106 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 मध्ये आहे. दंडविधानाचा मसुदा करणाऱ्या मेकॉलेच्या आयोगाने हा हक्क जरा सढळ हाताने दिला, कारण इथले लोक आपला बचाव करायला कचरतात असं त्याचं मत होतं. साम्राज्याच्या कायदेपंडिताने गुलाम प्रजेला धीट व्हायला सांगावं, ही गंमतच. पण त्याच हक्काला आपल्याकडे मर्यादाही आहेत: सरकारी यंत्रणेची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. प्रसंगात सापडलेल्या माणसाची कृती सोनाराच्या काट्यावर तोलू नये, असंही आपलं सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगत आलं आहे.

मोठा फरक शाबितीच्या जबाबदारीत आहे. विस्कॉन्सिनमध्ये ती सरकारवर, आपल्याकडे आरोपीवर. आपलं प्रकरण अपवादात बसतं हे आरोपीने दाखवायचं, भले ते वाजवी शंकेपलीकडे नसून शक्यतेच्या तराजूवर दाखवलं तरी चालेल. पुरावा कायद्याचं हे जुनं कलम 105, आता साक्ष अधिनियमाचं 108. या कलमावरचा पाठ्यपुस्तकी निकाल मुंबईतल्याच खटल्याचा आहे: नानावटी. एप्रिल 1959 मध्ये नौदलातल्या कमांडर नानावटीने पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या. बचाव स्वसंरक्षणाचा नव्हता, झटापटीत पिस्तूल उडालं असा होता, पण कलम तेच. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटीला नायक केलं, कोर्टाबाहेर गर्दी लोटली आणि ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांनी तो निर्णय मान्य न करता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली, 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. पुढे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही.

आपण ज्युरी घालवली म्हणून आपल्याकडे असला तमाशा होत नाही, असं मला वकील मित्र सांगतात. मला ते पटत नाही. केनोशाची ज्युरी चार दिवस बसली, सव्वीस तासांच्या आसपास. बाहेर पाचशे नॅशनल गार्ड जवान सज्ज ठेवलेले, दारात दोन्हीकडचे घोषणा देत होते. आदल्या वर्षीच्या निवडणूक प्रचारात जो बायडेन यांच्या चित्रफितीने या पोराचं चित्र वर्णवर्चस्ववाद्यांच्या संदर्भात दाखवलं होतं. निकालानंतर ट्रम्प यांनी त्याला मार-ए-लागोवर भेट दिली आणि काही खासदारांनी त्याला आपल्याकडे इंटर्नशिप करायला बोलावलं. या सगळ्याच्या मध्ये ते बाराजण बसून एक अरुंद प्रश्न सोडवत होते, आणि 19 नोव्हेंबरला त्यांनी पाचही आरोपांवर ‘निर्दोष’ म्हटलं. अठराजणांतून ते बारा निवडताना न वापरायच्या सहाजणांच्या चिठ्ठ्या आरोपीने स्वतःच पिंपातून काढल्या होत्या. बघताना विचित्र वाटतं, पण या न्यायाधीशांची ती नेहमीची रीत होती. तमाशा ज्युरीने केला नाही. तिने उत्तर दिलं ते तिला विचारलेल्या प्रश्नाचं, आणि बाहेर एका गटाने ते शौर्यपदक म्हणून मिरवलं, दुसऱ्याने खुनाचा परवाना म्हणून शिव्या घातल्या.

प्रश्न बदलला की उत्तरही बदलतं, याचं एक जुनं उदाहरण आहे. 1984 च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बर्नहार्ड गेट्झने चार कृष्णवर्णीय पोरांवर गोळ्या झाडल्या. फौजदारी ज्युरीने त्याला खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून सोडलं, बेकायदा शस्त्रासाठी दोषी धरलं. त्या निकालानंतर नऊ वर्षांनी, 1996 मध्ये, दिवाणी ज्युरीने त्यातल्या लुळ्या पडलेल्या मुलाला चार कोटी तीस लाख डॉलर द्यायचा हुकूम केला. प्रसंग तोच, प्रश्न वेगळा आणि शाबितीची पट्टी खालची.

केनोशाच्या बाबतीतही दिवाणी दावा झालाच. ह्यूबरच्या वडिलांनी तो लावला, रिटनहाउसवर आणि पोलिसांवरही, आणि 2023 च्या फेब्रुवारीत फेडरल न्यायाधीशांनी तो फेटाळायला नकार दिला. त्या रात्रीची एक फीत आहे. चिलखती गाडीतून पोलीस शस्त्रधारी नागरिकांना पाण्याच्या बाटल्या देतात आणि भोंग्यावरून सांगतात की तुमची आम्हाला कदर आहे. संचारबंदी आंदोलकांना लागू होती आणि यांना नव्हती का, हा प्रश्न ज्युरीपुढे नव्हता, कारण पोलीस तिथे आरोपी नव्हते. दिवाणी दाव्यात ते प्रतिवादी होते.